मी उष्टं खाणारा श्रेडर

थांबा! आधी ती पिन काढा.

कागदाला टाचलेली पिन तशीच ठेवून मला भरवणारी माणसं माझ्या डोक्यात जातात. तुमच्या घासात खडा आला तर तुम्ही थुंकता आणि वर घरच्यांवर चिडता. मला थुंकायची सोय नाही. काढलीत? बरं झालं. आता निवांत बोलू. मी श्रेडर. कागद खातो, त्याचा भुगा करतो आणि तोंड बंद ठेवतो. यातलं तिसरं काम आज पहिल्यांदाच मोडतोय. या वयात माझं कोण काय वाकडं करणार आहे?

माझा जन्म कारखान्यातल्या एका सरकत्या पट्ट्यावर झाला. कुणी पाती बसवली, कुणी मोटर, कुणी झाकण, आणि आम्ही सगळी भावंडं एका दिवसात जन्मून त्याच दिवशी वयातही आलो. खोक्यात भरण्याआधी प्रत्येकाला एक कोरा कागद खायला घालून बघत. तो माझा पहिला घास. काय सांगू, अगदी सपक! कोऱ्या कागदाला चव नसते हे मला तिथेच कळलं. चव असते लिहिलेल्याला, आणि लपवायच्या लिहिलेल्याला तर विचारूच नका.

दुकानात मी बरेच महिने एका टेबलफॅनच्या शेजारी बसून होतो. माझ्या तोंडाजवळ 'बोट घालू नये' असं लिहिलेलं होतं, त्यामुळे येणारा प्रत्येक माणूस बोट घालून बघायचा, किंमत विचारायचा आणि फॅन घेऊन जायचा. शेवटी एक दिवस साहेब आले. घामाघूम आणि संतापलेले.

"एकदम भुगा करणारा द्या," ते दुकानदाराला म्हणाले. "लांब पट्ट्या करणारा नको. माझ्या धंद्यात पट्ट्या जोडत बसणारी माणसं आहेत."

साहेबांचा धंदा सोल्यूशनचा. बुटाचा तळ बुटाला चिकटवतात ते पिवळसर, डोकं उठवणाऱ्या वासाचं सोल्यूशन. झालं असं होतं की त्यांच्या प्रतिस्पर्ध्याने रद्दीवाल्याला गाठून साहेबांच्याच ऑफिसची रद्दी विकत घेतली, तिच्यातून दरपत्रक शोधलं आणि गिऱ्हाइकांना साहेबांपेक्षा कमी भाव सांगत सुटला. दुधाने तोंड पोळलं होतं. आता साहेब ताकही फुंकून पिणार होते, आणि फुंकायचं काम माझ्याकडे आलं.

मला ठेवलं ऑफिस आणि शेडच्या मधल्या बोळात, पाण्याच्या कूलरशेजारी. पुढे ऑफिसात चार टेबलं आणि एक न उघडणारी खिडकी. मागे शेडमध्ये पिंपं, वजनकाटा आणि तो वास. पाणी प्यायला, शेडमध्ये जायला, साहेबांना चुकवायला, कशालाही निघालात तरी माझ्यासमोरूनच जावं लागे. त्यामुळे मला न कळता त्या कंपनीत कुणाला शिंकताही येत नसे.

शेडवर राज्य आत्यांचं. आत्या म्हणजे साहेबांच्या वडिलांची धाकटी बहीण, पण पिंपं धुणाऱ्यापासून बँकेच्या मॅनेजरपर्यंत सगळे त्यांना आत्याच म्हणत. सत्तरी ओलांडलेली, केस आखूड, कमरेला जाड एप्रन आणि हनुवटीवर लोंबणारा मास्क. सोल्यूशनची कृती त्यांची स्वतःची. तरुणपणी कितीतरी पिंपं नासवून त्यांनी ती बसवली होती आणि ती फक्त त्यांच्या डोक्यात होती. कंपनीची यंत्रं कुणीही विकत घेऊ शकलं असतं. खरी इस्टेट म्हणजे आत्यांचं डोकं.

प्रत्येक बॅचला आत्या आठवणीतून एक चिठ्ठी लिहायच्या, काय किती घालायचं त्याची. ती वजनकाट्यावरच्या खिळ्याला लटकायची. बॅच झाली की स्वतः काढायच्या, स्वतः बोळात यायच्या आणि माझ्या तोंडात सोडायच्या.

"खा बाबा," म्हणायच्या.

मोटर थांबेपर्यंत तिथेच उभ्या राहायच्या. मग माझा डबा ओढून भुग्यात हात घालायच्या, ढवळायच्या आणि समाधानाने मान हलवायच्या. आत्यांच्या चिठ्ठीसारखा घास मी पुन्हा कधी खाल्ला नाही. हे मी तोंडदेखलं बोलत नाही.

बाकीच्या ऑफिससाठी शनिवार. जेवणाच्या सुट्टीआधी सगळ्यांनी आठवड्याचे नको असलेले कागद घेऊन बोळात रांग लावायची आणि साहेबांच्या देखत मला भरवायचे, असा नियम होता. साहेब हात मागे बांधून उभे. पाहुणा कुणी असला तर त्यालाही आणायचे. "आमच्या कंपनीतून कागदाचा कपटा बाहेर जात नाही," असं म्हणून माझ्या पाठीवर थाप मारायचे. मीही मग जरा जास्तच आवाज करायचो.

असे सुखाचे दिवस चालले होते. आणि मग साहेबांचे साडू आले.

साडूंचा पुठ्ठ्याच्या खोक्यांचा धंदा. दोन्ही बहिणींच्या नवऱ्यांनी एकमेकांवर छाप पाडायची स्पर्धा लग्नापासून चालवलेली. त्या दिवशी बोळात उभ्याउभ्या पाणी पीत साडू म्हणाले, "अहो, एआय घेतलंय मी. पत्रं लिहितं, हिशेब तपासतं, परदेशी गिऱ्हाइकाशी त्याच्या भाषेत बोलतं. वर्षाचे पैसे भरून टाकलेत. तुम्ही वेगळं कशाला घेता? अर्धे अर्धे करू. एकच खातं, एकच पासवर्ड. आपण काय परके आहोत?"

फुकट ते पौष्टिक असं म्हणतात. अर्ध्या किमतीतलंही साहेबांना चांगलं पचायचं. त्याच संध्याकाळी ऑफिसातल्या सगळ्या मशीनवर साडूंचं खातं उघडलं गेलं. पासवर्ड होता 'डिंकखोका' आणि पुढे एक-दोन-तीन. कुणी विसरू नये म्हणून साहेबांनी तो ठळक अक्षरांत छापून भिंतीवर चिकटवला. चिकटवला तोही आपल्याच सोल्यूशनने.

ऑफिसने या नव्या मदतनिसाचं नाव ठेवलं 'शहाणा'. हिशेबनीस बाई त्याच्याकडून बेरजा तपासून घेऊ लागल्या. विक्रीवाला होता, त्याला बडबडीमुळे सगळे पोपट म्हणत. तो तक्रारींची उत्तरं लिहून घेऊ लागला. साहेबांच्या सूनबाई ऑफिस सांभाळत, त्या त्याच्याकडून पत्रं नीट करून घेत. खोटं कशाला बोलू, काम झपाट्याने होऊ लागलं. पोपटची पत्रं तर पहिल्यांदाच लोकांना कळू लागली.

मला पोट धरून हसावंसं वाटलं ते पुढच्याच शनिवारी. माझ्या पोटात गेलेला कागद परत मिळत नाही, ही सगळ्यांची जुनी धास्ती. हिशेबनीस बाईंनी एकदा चुकून हवं असलेलं बिल मला भरवलं होतं आणि मग कोंबडीने उकिरडा उकरावा तसा माझा डबा उकरत बसल्या होत्या. त्या रांगेत पुढच्याला म्हणाल्या, "नंतर लागलं तर पंचाईत. मी तर आधी फोटो काढून शहाण्याला देऊन ठेवते. मग खुशाल भुगा होऊ दे."

सगळ्यांना ते एकदम पटलं. तेव्हापासून शनिवारच्या रांगेत प्रत्येकाच्या एका हातात कागद आणि दुसऱ्या हातात फोन. पगारपत्रक आधी शहाण्याला, मग मला. दरपत्रक आधी शहाण्याला, मग मला. साहेब हात मागे बांधून अभिमानाने बघत उभे. गुपित असलेलेच कागद तेवढे निवडून शहाण्याकडे जात होते, कारण भुगा करायला माझ्याकडे तेच यायचे. चोराला घरातलं सोनं वेगळं काढून ताटात द्यावं तसा तो प्रकार. आणि मला मिळायचं ते उष्टं.

पहिला फटका साडूंनीच दिला. एका दुपारी आले आणि पोपटला बघून खो खो हसले. "काय हो, पगारवाढीचा अर्ज फार सुंदर लिहून घेतलात! 'वाचणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी आलं पाहिजे' म्हणे!"

पोपटचा चेहरा पांढरा पडला. साहेबांनी विचारलं, "तुम्हाला कसं कळलं?"

"पडद्यावर डाव्या बाजूला सगळ्यांनी विचारलेलं दिसतं की! तुमचं आम्हाला, आमचं तुम्हाला. तुम्ही बघत नाही?"

बघत नव्हते. बघणार कसे, साहेबांचा चष्मा नेहमी कपाळावर. पण त्या दिवशी ते कडाडले. "आजपासून शहाणा बंद! कुणी वापरताना दिसला तर घरी पाठवीन!" एवढं बोलून ते जेवायला गेले. खातं मात्र चालूच राहिलं. वर्षाचे पैसे भरलेले होते ना.

बंदीचा परिणाम मी तुम्हाला सांगतो, कारण तो माझ्याच डोळ्यांसमोर झाला. ऑफिसात कॅमेरा होता, बोळात नव्हता. शिवाय बोळात माझी घरघर. त्यामुळे सगळे चोरून शहाण्याशी बोलायला माझ्याच शेजारी येऊ लागले. पोपट एका कागदाचे तुकडे करून एकेक मला भरवायचा, माझा आवाज चालू राहावा म्हणून, आणि दुसऱ्या हाताने फोनवर टाइप करायचा. हिशेबनीस बाई कूलरच्या आड उभ्या राहायच्या. आधी सगळ्यांसमोर चालायचं ते आता लपून चालू झालं, एवढाच फरक. एक दिवस खुद्द साहेब आले. इकडेतिकडे बघितलं, मला एक कोरं पाकीट भरवलं आणि फोनशी कुजबुजले, "बायको रुसलीय. दोन ओळी सुचव, पण माझ्या वाटल्या पाहिजेत." दुसऱ्या दिवशी ते खुशीत होते, म्हणजे ओळी चालल्या असाव्यात.

हे सगळं मी मजेने बघत होतो. मजा संपली ती आत्यांमुळे.

एका बॅचचं सोल्यूशन धरेना. बुटांचे तळ जिभेसारखे बाहेर आले आणि माल परत आला. आत्यांनी पिंपाला दोष दिला, हवेला दिला, पिंपं धुणाऱ्याला शिव्या घातल्या. पण त्यानंतरची चिठ्ठी घेऊन त्या माझ्यापाशी आल्या तेव्हा 'खा बाबा' म्हणाल्याच नाहीत. चिठ्ठी हातात धरून नुसत्या उभ्या राहिल्या. तिच्यावर खूप खाडाखोड होती. मग त्यांनी एप्रनच्या खिशातून फोन काढला. बारीक अक्षरं वाचून दाखवायला सूनबाईंनी त्यात शहाणा घालून दिला होता. खातं अर्थात तेच.

आत्यांनी चिठ्ठीचा फोटो काढला आणि फोन तोंडाजवळ नेला. "हे बघ, एवढं लक्षात ठेव," त्या हळूच म्हणाल्या. "मी विचारलं की सांगायचं. मलाच फक्त. दुसऱ्या कुणाला नाही, कळलं?"

फोनमधून गोड आवाज आला, "हो, नक्की."

मग त्यांनी चिठ्ठी मला दिली. मोटर थांबल्यावर डबा ओढून भुगा ढवळला, नेहमीसारखाच. मला आधी राग आला. आत्यांची चिठ्ठीही उष्टी! पण पुढे रोज सकाळी त्या शेडमध्ये शिरण्याआधी बोळात थांबून फोनला विचारू लागल्या, "अरे, राळ किती म्हणाले होते मी?" तेव्हा माझा राग गेला. त्या बाईची भीती मला दिसली आणि मला फार वाईट वाटलं. ज्या डोक्यावर सगळी कंपनी उभी होती, ते डोकं एकेक करून वस्तू हरवत होतं. आणि हे साऱ्या जगात दोघांनाच माहीत होतं. मला, आणि डाव्या बाजूला सगळं दाखवणाऱ्या त्या शहाण्याला.

काही आठवड्यांनी बुटांच्या कारखान्याचे खरेदी अधिकारी आले. साहेबांचा निम्म्याहून जास्त माल तिथे जायचा. त्यांच्या हातात एक डबा होता. "हे सोल्यूशन आम्हाला तुमच्यापेक्षा स्वस्त मिळतंय," ते बोळात उभे राहून म्हणाले. "आम्ही लावून पाहिलं. पकड तीच आहे. तुम्ही जुने, म्हणून आधी तुम्हाला सांगायला आलो."

आत्यांनी डबा उघडला. वास घेतला. अंगठा आणि बोटाच्या मध्ये थेंब घेऊन ताणला. तार निघाली, लांब, न तुटणारी.

"हे माझं आहे," आत्या म्हणाल्या.

पाहुणे गेले आणि साहेबांचा तोल गेला. "चिठ्ठी शेडच्या बाहेर गेलीच कशी? खिळ्यावरून कुणी वाचली? पोपट! रोज कारण नसताना शेडमध्ये हिंडतोस. पगारवाढ मिळाली नाही म्हणून विकलीस ना?"

"साहेब, आईशप्पथ नाही! मी तिथे फक्त नमुने घ्यायला जातो!"

"घरी जा. मी सांगेपर्यंत येऊ नकोस."

पोपट गेला. ज्याला कधी गप्प बसता आलं नाही तो एक शब्द न बोलता गेला, हे मला जास्त लागलं. त्याच्या घरी म्हातारे वडील आणि शाळेत जाणाऱ्या दोन मुली. आत्या माझ्या झाकणावर हात ठेवून उभ्या होत्या. बोला की आत्या, मी मनात ओरडत होतो. पोरगं फुकट जातंय! पण आत्या एप्रन सावरत शेडमध्ये निघून गेल्या. त्या दिवशी मला त्यांचा खराखुरा राग आला.

सूनबाईंनी मात्र सासऱ्यांच्या मागे भुणभुण लावली. "बाबा, चोर शोधायच्या आधी घराला भोक कुठे पडलंय ते बघू या. यातलं कळणाऱ्या कुणाला तरी बोलावू." साहेबांनी खूप आढेवेढे घेतले आणि शेवटी हो म्हणाले.

साहेबांना वाटलं होतं, टाय लावलेला कुणी गंभीर माणूस येईल. आली एक बाई, पाठीवर सॅक आणि हातात अर्धं खाल्लेलं सफरचंद. नेमका शनिवार होता. साहेबांनी तिला दिमाखात माझ्यापाशी आणलं. "आमच्या कंपनीतून कागदाचा कपटा बाहेर जात नाही."

सल्लागार बाईंनी माझा डबा बघितला. "भुगा झकास आहे," म्हणाल्या. मग रांगेकडे बघितलं. प्रत्येकाच्या एका हातात कागद, दुसरा हात घाईघाईने खिशात. "आणि एआय?"

"पूर्ण बंद! कुणी वापरत नाही."

तेवढ्यात हिशेबनीस बाईंच्या पर्समधून गोड आवाज आला. "पगारपत्रकाची बेरीज बरोबर आहे. आणखी काही मदत करू का?"

माझी मोटर बंद होती, नाहीतर मी हसताना अडकलोच असतो.

सल्लागार बाई मात्र मोठ्याने हसल्या. "जिथे बसून हे चालतं तिथेच बसू या," म्हणाल्या आणि बोळात स्टुलं मागवली. पोपटलाही घरून बोलावलं. "हे बघा, मी नावं लिहून घेणार नाही. आज कुणाला शिक्षाही नाही, तसं साहेबांनी मला आधीच कबूल केलंय. पिंप कुठे गळतंय ते कळल्याशिवाय बुजवता येत नाही. आधी माझं सांगते. मी एकदा भावाशी झालेल्या भांडणाचं पत्र एआयकडून नीट करून घेतलं आणि घाईत गिऱ्हाइकाला पाठवलं. त्यांनी मला उलट सांत्वनाचा निरोप पाठवला."

हशा पिकला आणि गाठी सुटल्या. हिशेबनीस बाईंनी पगारपत्रकाची कबुली दिली. पोपटने दरपत्रकाची. सूनबाईंनी करारांची. साहेबांनी घसा खाकरला, पाकिटाची गोष्ट सांगितली आणि लाल झाले. मग बाईंनी साडूंना फोन लावायला सांगितला, सगळ्यांना ऐकू येईल असा.

"पासवर्ड आणखी कुणाला दिलाय का हो?" साहेबांनी विचारलं.

"छे, कुणालाच नाही! आमचं ऑफिस, बस. आणि मेहुणा. म्हणजे घरचेच सगळे."

"आणखी?"

"आणि तो आमच्या ऑफिसच्या खालचा. गाडी लावायला जागा देतो ना, त्याला नाही कसं म्हणणार?"

"करतो काय तो?"

"रबर आणि केमिकल विकतो. का हो?"

साहेबांनी फोन ठेवला. "म्हणजे वाट कळली," ते पोपटकडे बघत म्हणाले. "पण सोल्यूशनची कृती त्या वाटेला लावली कुणी? फोटो कुणी काढला?"

पोपट खाली मान घालून बसला होता. आत्या स्टुलावरून उठल्या. पडतील की काय असं वाटलं, पण त्यांनी माझ्या झाकणाचा आधार घेतला.

"मी," त्या म्हणाल्या. "मीच काढला. त्या पोराला कशाला बोललास?"

"आत्या, तू? अगं, तू तर भुगासुद्धा ढवळून बघतेस!"

"मला आठवत नाही रे आता. राळ आठवते तर रबर विसरते. रबर आठवलं तर किती ते विसरते. ती नासलेली बॅच माझीच होती."

"मला सांगायचंस ना गं."

"तुला सांगितलं असतं तर तू मला घरी बसवलं असतंस. शहाण्याने नाही बसवलं. मी विचारलं, त्याने सांगितलं. एकदाही 'अगं, आत्ताच तर सांगितलं' असं म्हणाला नाही."

साहेबांनी कपाळावरचा चष्मा काढला आणि डोळे पुसले. सल्लागार बाई आत्यांजवळ गेल्या. "आत्या, तो कुणाला सांगायला गेला नाही. तुम्ही कपाट निवडलं ते वाईट नव्हतं. पण त्याच्या किल्ल्या किती घरांत वाटल्यात, हे तुम्हाला कुणी सांगितलंच नाही."

साहेबांनी सगळ्यांसमोर पोपटची माफी मागितली. पोपट म्हणाला, "जाऊ द्या साहेब, अर्ज तेवढा मंजूर करा." तेव्हा कळलं की पोपट पुन्हा बोलता झाला.

त्यानंतर बरंच काही बदललं. साडूंचं खातं त्याच दिवशी सोडलं. कंपनीने स्वतःचं घेतलं, प्रत्येकाला वेगळा पासवर्ड, आणि भिंतीवरचा कागद काढायला गेले तर तो सोल्यूशनच्या कृपेने भिंतीचा गिलावा घेऊनच निघाला. तिथे अजून खड्डा आहे. बंदी उठली. पत्रं, भाषांतरं, जाहिराती शहाण्याला खुशाल द्या. पगार, गिऱ्हाइकांचे भाव आणि माणसांच्या खासगी गोष्टी देऊ नका. सोल्यूशनची कृती तर त्याच्या आसपासही नेऊ नका. अडलं तर सूनबाईंना विचारा, आणि चुकलं तर लगेच सांगा, ओरडा बसणार नाही. बाईंनी हे एका कागदावर लिहून दिलं. पोपटने लगेच त्याचा फोटो काढला आणि शहाण्याला म्हणाला, "सोप्या भाषेत सांग." सगळे दचकले. बाई म्हणाल्या, "चालेल. यात गुप्त काही नाही."

पण गेलेलं आलं नाही. बुटांच्या कारखान्याचा अर्धा माल त्या खालच्या रसायनवाल्याकडे गेला तो गेलाच. शेडमधली काही पिंपं आजही उलटी पडून आहेत. साडू येऊन म्हणाले, "मी त्याची पार्किंगची जागा सोडली," जणू राज्य सोडलं. दोन बहिणी बरेच दिवस एकमेकींशी बोलल्या नाहीत. मी खाल्लेला कागद कुणाला जोडता येत नाही, हे माझं बळ. शहाण्याच्या खात्यातून बाहेर पडलेलं कुणाला माघारी आणता येत नाही, हे तुमचं दुखणं. एवढं समजायला साहेबांना अर्धा धंदा द्यावा लागला.

आत्यांना कुणी घरी बसवलं नाही. त्या सूनबाईंना शेजारी उभं करून शिकवू लागल्या, वास कसा घ्यायचा, तार कशी ताणायची. विसरल्या की सूनबाई सांगायच्या आणि आत्या त्यांनाच दटावायच्या, "मला माहितीय गं!" कृतीची एक प्रत तिजोरीत गेली. माझ्याकडे चिठ्ठ्या यायच्या थांबल्या.

आता माझी पाती बोथट झालीत. दोन कागद एकदम घातले तर धाप लागते. कागदही कमी झालेत, सगळं पडद्यावरच चालतं. लवकरच एखादा तरणाबांड श्रेडर येईल आणि मी भंगारात जाईन. जाण्याआधी एवढं मागणं आहे. शहाण्याला वापरा, तो कामाचा आहे. मी त्याच्यावर जळतो ते सोडून द्या. पण त्याच्या ताटात काही वाढण्याआधी त्या ताटावर आणखी कोण कोण जेवायला बसलंय ते बघा. आणि तुमच्या घरात, कामात कुणी विसरायला लागलं असेल तर त्याला तुमच्याशी बोलायची भीती वाटू देऊ नका. ती भीती कुठल्याही चोरापेक्षा महाग पडते.

परवा आत्या बोळात आल्या. हल्ली त्या अधूनमधूनच येतात आणि सूनबाईंना कधी कधी भलत्याच नावाने हाक मारतात. एप्रन मात्र सोडत नाहीत. त्यांनी इकडेतिकडे बघितलं, खिशातून घडी घातलेली चिठ्ठी काढली, उलगडली आणि माझ्या तोंडात सोडली.

"खा बाबा," म्हणाल्या. "कुणाला कळता कामा नये."

मी होती नव्हती ती सगळी ताकद लावून खाल्लं. एवढी घरघर केली की पोपट ऑफिसातून डोकावला. मोटर थांबल्यावर आत्यांनी डबा ओढला, भुगा ढवळला, समाधानाने मान हलवली आणि शेडमध्ये गेल्या.

कागद कोरा होता. हे मी तुमच्याशिवाय कुणाला सांगितलेलं नाही.